रोज वेळेवर येणारी पोरगी

हे मी कुणापाशी बोलले नाही. नवरा होता तेव्हा त्याच्यापाशी नाही, आता लेकापाशीही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मध्ये बोलणार नाही.

करमाडच्या पुढं आमचं गाव. माझी शाळा चौथीपर्यंत. तरी मी शाळेच्या समितीवर होते — बाया लागतात म्हणून घेतलं होतं. तेव्हा सरकारची एक योजना आली. जी लेकरं वाचनात मागं राहिली, त्यांच्याजवळ शाळा सुटल्यावर गावातलीच एक शिकलेली पोरगी बसवायची. पुस्तकं सरकारची, सतरंजी सरकारची, पोरीला थोडं मानधन. जागा तेवढी गावानं द्यायची. मी माझी ओसरी दिली. मोठेपणा मिरवला. माझी नात आरती तिसरीत होती आणि तिला ‘घर’सुद्धा वाचता येत नव्हतं — हेही खरं.

आली ती प्रज्ञा. बौद्धवाड्यातली, डी.एड. झालेली. एकेका लेकराला जवळ घेऊन बसायची. आरतीला तिनं आधी पुस्तक दिलंच नाही. बिस्किटाच्या पुड्यावरचं, खताच्या गोणीवरचं वाचायला लावलं. दिवाळीपर्यंत आरती एसटीची पाटी अडखळत वाचायला लागली. मी तिथंच डाळ निवडत बसायचे. प्रज्ञा म्हणायची, “आजी, रोज तीच डाळ निवडता का? या की पुढं.” लई गोड पोरगी.

मग? मग काय — तिला मी चहा द्यायचे. वेगळ्या कपात. कान तुटलेला कप, ओसरीच्या कोनाड्यात पालथा ठेवलेला. तो कधी घरात गेला नाही. ती चहा प्यायची, कप स्वतः विसळायची, परत तिथंच पालथा ठेवायची. तिला सांगावं लागलं नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

एक दिवस आरतीनं ताईचा हात धरून तिला आत नेलं. चुलीपुढं, माझ्या पाटावर बसवलं आणि माझ्या ताटात भाकरी वाढली. मी दळण घेऊन आले तर शेजारची सखूबाई दारात उभी. “काय ओ आक्का, सैपाकालाबी तिलाच ठिवली का आता?” तिच्या मागं उभ्या बाया हसल्या. प्रज्ञा अर्धी भाकरी ठेवून उठली.

त्या हसण्याला मी भ्याले. पण तिला ‘येऊ नको’ म्हणायची हिंमत कुठं होती? तोंडावर वाईट व्हायचं नव्हतं मला. थोड्या दिवसांनी केंद्रप्रमुख साहेब वर्ग बघायला आले. ओसरीतच उभं राहून त्यांनी मला विचारलं, कसं चाललंय? लेकरं सतरंजीवर, प्रज्ञा त्यांच्यात. मी म्हणाले, “पोरगी येळंवर येत नाय, साहेब. कधी येती, कधी नाय.”

बघा — जात नाही काढली मी. तेवढी हुशार होते.

प्रज्ञानं माझ्याकडं पाहिलं. मग कोनाड्याकडं. आरती बोलली — “ताई तर माझ्याआधी येती!” मी तिला चिमटा काढला. जोरात. साहेबांना तो दिसला नाही. माझ्यासारखी म्हातारी बाई खोटं कशाला बोलेल?

प्रज्ञाला काढलं. दुसरी पोरगी मिळाली नाही, वर्ग बंद झाला, सतरंजी शाळेत परत गेली. गावात मी सांगितलं, सरकारच्या योजना अशाच असतात. सगळ्यांना पटलं. हे लगेच पटतं. त्या सतरंजीवर इतरांचीही लेकरं होती, हे मला कधी आठवलं का? नाही.

आरती आता नववीत आहे. ओळीखाली बोट धरून वाचते. लांब शब्द आला की सोडून पुढं जाते.

मागच्या महिन्यात ती मला डोळे दाखवायला शहरात घेऊन गेली. क्रांती चौकात प्रज्ञा भेटली. एका खाजगी शाळेत शिकवते म्हणाली. माझी पिशवी घेतली, हात धरून रस्ता ओलांडून दिला. कपाचं काढलं नाही, साहेबांचं काढलं नाही. एवढंच विचारलं — “आजी, आपली आरती वाचती ना आता?”

मी म्हणाले, “व्हय, फाडफाड.”

आरती शेजारीच उभी होती. या वेळी चिमटा काढावा लागला नाही.