सासू जात्यावर बसली

राळेगावकडच्या त्या गावात नवराबायकोचं बिनसलं की लोक पंचांच्या आधी धुरपताबाईचं दार गाठत. चूक कोणाची, हे बाई विचारतच नसे. दोघांना जात्यावर समोरासमोर बसवायची, खुंट्याला दोघांचे हात आणि पुढ्यात पायलीभर ज्वारी. गड्यांना लाज वाटायची, पण बाईपुढे बोलायची टाप कोणाची! तिचे नियम दोनच. बोलताना हात थांबवायचा नाही, आणि समोरचा काय म्हणाला ते आपल्या तोंडानं सांगितल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. अर्धी पायली होईस्तोवर खोटं बोलायला दमच उरत नसे.

अशी ही बाई एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात स्वतःच्या लेकीपायी पार बिथरली. नलूला तिनं लग्नात दिलेली बकरी जावयानं, देवरावनं, न विचारता विकून टाकली. भेटायला गेलेल्या बाईला हे कळलं मात्र, लेकीला तिनं उभ्या पायी माहेरी आणलं. देवराव दोनदा सायकल हाणत आला, दोनदा बाईनं त्याला अंगणातूनच परत लावलं. दोन महिने झाले, तसा त्याच्या बापाचा निरोप आला. गुरुवारी दुपारी पंच घेऊन येतो, काडीमोड करून टाकू.

गुरुवारी सकाळीच देवराव एकटा येऊन उभा राहिला. बाई तोंड उघडणार, तोच नलूनं जात्याखाली कापड अंथरलं.

"बसा दोघंबी."

"मी? जवायासंगं?" बाईचा पदर आपसूक डोक्यावर गेला. जावयापुढं सासूनं धड उभंही राहू नये, आणि इथं एका खुंट्याला हात!

"भांडन तुमचं दोघांचं आहे, माय. माह्यं नाही."

हां हां म्हणता अंगणाच्या काटक्यांच्या कुडावर बायकांची गर्दी झाली. बाई ताठ्यातच बसली. ती इकडे ओढी, देवराव तिकडे ओढी. पीठ कसलं, नुसता भरडा पडू लागला. बाईनं एकदा नवऱ्यासमोर जात्यावर बसवलेली रुखमाबाई कुडावरून ओरडली, "धुरपताबाई, हात थांबला!" सगळा कूड खिदळला. बाईनं रागानं असा फेरा मारला की देवरावच पुढं ओढला गेला.

"मामी," तो धापा टाकत म्हणाला, "बकरी विकली हे माह्यं चुकलंच. पन तिसऱ्या दिशी म्या नलूची माफी मांगतली. ते हासलीबी. चवथ्या दिशी तुमी आल्या."

बाईच्या तोंडात उत्तर तयारच होतं.

"आधी सांग, हे काय म्हनले," नलू म्हणाली.

ऊन माथ्यावर आलं होतं, जातं घरघरत होतं. एवढ्या जणांना शिकवलेला नियम, आता मोडणार कसा?

"तुमचं मिटलं होतं," बाई अडखळत म्हणाली. "अन् मंग... मी आली." तिनं लेकीकडे पाहिलं. "पोरी, मंग तू काहून नाही बोलली?"

"तू इचारलं कवा?"

बाईला रडूही आलं आणि हसूही. तेवढ्यात पंचांची बैलगाडी दाराशी लागली आणि देवरावचा बाप खाली उतरला. बाई पिठाच्या हातानं तशीच उठली, आणि साऱ्यांदेखत, दोन महिन्यांत पहिल्यांदाच, तिनं विचारलं, "नलू, तुले काय पायजे?"

नलूनं दाराआडून गाठोडं काढलं. सकाळपासून ते बांधलेलंच होतं.