दगडातली पावलं

किला गेटजवळ आमच्या एका पूर्वजाच्या स्मरणार्थ बांधलेली लहानशी दगडी छत्री आहे. तो शिपाई होता. लढाईवरून त्याचं प्रेतसुद्धा घरी आलं नाही, म्हणून घरच्यांनी दगडात नुसती दोन पावलं कोरून घेतली. पितृपक्षात आम्ही त्या पावलांवर तिळाचं पाणी सोडतो. यंदा गेलो तर पावलांवर शेंदराचा थर, वर टांगलेली घंटा आणि शेजारी कुठलासा पुजारी. माझ्या हातातले तीळ बघून तो खेकसलाच, "मंदिर में मरे हुओं का काम नहीं होता!"

"अरे, हे देऊळ नाही, आमचा मेलेला माणूस आहे!" मी ओरडलो.

त्यानं शांतपणे माझ्या कपाळाला शेंदूर लावला.

"मन्नत मांगो. बाबा सबको सही-सलामत घर लाते हैं."