डब्यातली खिरापत

नवरात्रात अवधपुरीतल्या आमच्या कॉलनीत भोंडला होतो. पाटावर हत्ती काढायचा, त्याभोवती बायकांनी फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. नागपूरकडच्या बायका याला भुलाबाई म्हणतात, हत्तीऐवजी मूर्ती मांडतात आणि आमच्या हत्तीला दरवर्षी हसतात. गाणी सांगायचा मान मात्र माझ्या सासूबाईंचा.

यंदा भोंडला आमच्याकडे होता. सासूबाई विसरायला लागल्या होत्या. आधी चष्मा, मग गॅस, मग नातवाचं नाव. मी बाहेर ताकास तूर लागू दिली नव्हती. आमच्या बायकांना मी ओळखून आहे. एकदा ‘बिचाऱ्या’ म्हटलं की त्या माणसाला खुर्चीत बसवतात, पुन्हा फेरात घेत नाहीत. आणि गाणी सुटली तर सासूबाईंकडे उरणार काय?

दोन गाणी नीट झाली. तिसऱ्यात त्यांनी म्हटलेलंच कडवं पुन्हा म्हटलं. मग आणखी एकदा. फेर फिरत होता. एक कॉलेजकन्यका फिदीफिदी हसली, तिच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली. तेवढ्यात समोरच्या घरातल्या नागपूरच्या वहिनींनी मोठ्यांदा पुढचं कडवं उचललं आणि गाणं मार्गी लागलं.

मग डबा आला. तो यजमानिणीने हातात घ्यायचा आणि बायकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, अशी रीत. मी पुढे होणार तोच डबा सासूबाईंनी घेतला. सकाळी खोबरं त्यांनीच खवलं होतं, वड्याही त्यांनीच थापल्या होत्या.

“गोड की तिखट?” बायकांनी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओठांनीच ‘गोड’ म्हटलं. त्या म्हणाल्या, “तिखट.”

झालं. चकलीपासून कचोरीपर्यंत सगळं विचारून बायका थकल्या, हरलो म्हणाल्या. डबा उघडल्यावर एकच हशा पिकला. काकूंनी बरं फसवलं, असं म्हणत सगळ्यांनी वड्या उचलल्या. माझा जीव भांड्यात पडला. सासूबाईंनीही एक खाल्ली.

“छान झाल्यात,” त्या म्हणाल्या. “कुणी केल्या?”

हशा थांबला.

“तुम्हीच केल्या, काकू,” नागपूरच्या वहिनी म्हणाल्या. “उद्या भुलाबाई आमच्याकडे. गाणे तुम्हीच सांगायचे.”

मी रिकामा डबा उचलून स्वयंपाकघरात पळाले. वहिनी मागोमाग आल्या. सगळ्यांना कधीपासून माहीत आहे, मी विचारलं.

“मागच्या सालीपण अटकल्या होत्या त्या. आम्ही म्हटलं ना पुढचं,” वहिनी म्हणाल्या. “तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कोणी तुमच्यासमोर बोललं नाही.”

मला रागही आला आणि रडूही. बाहेर सासूबाई कुणाला तरी विचारत होत्या, उद्या किती वाजता यायचं.