नवमीला पाटावर राहिलेली बंदूक

इंग्रज सरकारच्या कायद्याचं कोणी माझ्यापुढं कौतुक करू लागलं की मी उठून जातो. म्हातारा चिडका आहे, म्हणतात. आहेच. ज्याच्या घरातून बंदूक गेली आणि तिच्या मागोमाग वर्षभराची ज्वारी गेली, त्यानं काय कौतुक करायचं?

बंदूक माझ्या बापाची होती. त्याला ती त्याच्या बापाकडून मिळालेली. लढाईबिढाईची नव्हे, डुकरं हाकलायची साधी ठासणीची बंदूक. तिचा लाकडी दस्ता एकदा फुटला, तेव्हा बापानं पितळेची पट्टी ठोकून तो स्वतःच्या हातानं जोडला. मूर्तिजापूरजवळ आमचं वावर. त्या वर्षांत कापसाला असा भाव आला होता की लोकांनी गायरानंसुद्धा नांगरली आणि जिकडंतिकडं कापसाची पऱ्हाटीच पऱ्हाटी लावली. आमच्याकडंही पऱ्हाटी होतीच, पण घरापुरती ज्वारी बाप सोडेना. म्हणायचा, "पऱ्हाटी काय शिजवून खाशीन?" झालं असं, की दाण्याचं वावर शिवारात आमचं एकट्याचंच उरलं आणि सारी रानडुकरं आमच्या बांधाधुऱ्यावर येऊ लागली. कणसात दाणा भरायच्या दिवसांत बाप पहाटे मचाणावरून एक बार काढी, की कळप दोन दिवस फिरकत नसे.

त्या साली पोळा झाल्यावर गावात दवंडी पिटली. ज्याच्याजवळ बंदूक असेल त्यानं ती तहसील कचेरीत नेऊन नोंदवावी आणि परवाना घ्यावा, मुदतीनंतर सापडेल ती सरकारजमा. मुदतीची तारीख सांगितली ती इंग्रजी. आमच्या गावात त्या तारखा कोणाला कळत होत्या? आमचं सगळं तिथीवर चालायचं. दसरा झाला की जाऊ, एवढंच सगळ्यांनी धरलं.

खंडेनवमीला सकाळी बापानं बंदूक पुसली, तेल लावलं, कोयता-कुऱ्हाडीशेजारी पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं. तेवढ्यात पाटलाचा माणूस सांगत आला, की ती तारीख आजच आहे. मी म्हटलं, "बाबा, उचला. घोडं काढतो, दुपारच्या आत पोचतो."

"पाटावरचं हत्यार दसऱ्याच्या पूजेआधी हालवत नाईत," बाप म्हणाला. "देवीपुढून उचलून सायबापुढं ठेवू काय?"

आमच्यात तसं करत नाहीत, हे मलाही ठाऊक होतं. नवमीला ठेवलेली वस्तू दसऱ्याची पूजा होईपर्यंत देवीची. पण मी तरणाताठा होतो, बापाचा हात धरून बाजूला सारू शकलो असतो. मी तसं केलं नाही, याचा राग मला अजून येतो, आणि बापाचाही येतो.

दसऱ्याला कचेरी बंद होती. दुसऱ्या दिवशी बापलेक बंदूक घेऊन हजर. कारकून पुण्याकडचा, बोलायला मऊ. त्यानं बंदूक पाहिली, हुकुमाचा कागद पाहिला आणि म्हणाला, "मुदत परवाच संपली हो." बापानं हात जोडून नवमीचं सांगितलं, ज्वारीचं सांगितलं. कारकून पेचात पडलेला दिसत होता. डोकं खाजवून म्हणाला, "बघतो, साहेबांना विचारतो." तो विचारणार होता, हे मी आजही मानतो.

पण माझं लक्ष त्याच्या दौतीकडं गेलं. तिच्यावर कुंकवाचं बोट आणि सुकलेलं झेंडूचं फूल. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी म्हटलं, "तुमी बी पूजाच करून राहिले होते ना? मग नवमीले तुमची लेखणी उठली होती काय? तुमची पूजा ते पूजा, आन् आमची काय गुन्हा?"

कचेरीतले चारजण हसले. कारकुनाचा चेहरा लाल झाला. साहेबाला विचारणं राहिलं बाजूलाच. त्यानं तीच लेखणी दौतीत बुडवली आणि बंदूक सरकारजमा लिहून टाकली. बाप माझ्याकडं नुसतं पाहत राहिला.

पुढचं काय सांगू. बाप गोफण घेऊन मचाणावर बसायचा, मी डबा बडवायचो. डुकरांना दोनच दिवसांत कळलं की बार निघत नाही. एका पहाटे कळप ज्वारीत शिरला, तेव्हा बाप काठी घेऊन खाली उतरला. एका नरानं त्याची मांडी फाडली. जखम भरली, पण पाय कायमचा गेला. ज्वारीचं म्हणाल, तर कडबासुद्धा धड हाती लागला नाही. घरात पऱ्हाटीची बोंडं ढिगानं पडलेली आणि माय शेजारणीकडं सूप घेऊन दाणे मागायला जायची.

माघात कापसाची गाडी घेऊन आम्ही अमरावतीला गेलो. चालवत नव्हतं म्हणून बाप बोऱ्यांवर बसलेला. एका बड्या व्यापाऱ्याच्या वखारीच्या दारात राखणदार उभा होता, खांद्यावर बंदूक, कमरेला परवान्याची पितळी डबी. दस्त्याला पितळेची पट्टी होती. पट्टीच्या कडेला कुंकू अजून धरून होतं.

सरकारजमा बंदुकांचा लिलाव होतो, हे मला तेव्हा कळलं. डुकरांपासून ज्वारी राखायला ती चालत नव्हती, पण कापसाच्या गाठी राखायला चालत होती. मी गाडीतून उडी मारायला उठलो. त्या राखणदाराचं नरडंच धरणार होतो.

बापानं मागून माझा सदरा पकडला. दुसऱ्या हातानं त्यानं बंदुकीला नमस्कार केला आणि राखणदाराला म्हणाला, "बापू, घोडा जरा सैल हाय तिचा. दारू भरली का दस्ता आपटू नको. आन् नवमीले पाटावर ठेवजो."

राखणदार हो म्हणाला. मग गाडी आत घेतली आणि त्याच वखारीत मी आमचा सगळा कापूस उतरवून दिला.