कासव माझ्याच पंख्याने मेलं

सारसोळ्याच्या जेटीवर आजही सांगतात, की ते कासव प्रवासी स्पीडबोटीने मारलं. ही गोष्ट मीच सांगितली होती आणि ती खोटी होती.

कासव जाळ्यात आलं की आम्ही कोळी त्याच्या पाठीवर हळद-कुंकू लावतो, हात जोडतो आणि पाण्यात सोडतो. त्या सकाळी उरणच्या पुढे मीही तेच केलं. पुढे जाळं पसरलेलं, म्हणून होडीच्या मागच्या बाजूने सोडलं. ओहोटी लागली होती, चिखलात अडकायच्या आत परतायचं होतं. नमस्कार झाला न झाला तोच मशीन गिअरमध्ये टाकलं. जाळ्यात दमलेलं कासव श्वासाला लगेच वर येतं, हे लहानपणापासून माहीत असून मी मागे वळून पाहिलं नाही. मशीनचा पाण्यातला पंखा अडखळला. कासव वर आलं तेव्हा पाठ चिरलेली होती आणि कुंकू अजून पुरतं धुतलं गेलंही नव्हतं.

स्पीडबोटी तेव्हा आमची जाळी फाडत होत्या. मी कासवाचं मरण त्यांच्यावर ढकललं, गावाने लगेच मानलं.

यंदा त्या बोटींच्या पंख्यांभोवती लोखंडी जाळी बसवावी, वेग कमी करावा, म्हणून गावाने अर्ज करायचं ठरवलं. साक्षीदार मी. खरं तेच बोलेन म्हटल्यावर पुतण्या मला बाजूला घेऊन गेला.

"काका, येवढी वर्सं गप रायलास, आजून थोडा रहा. तुज्या खऱ्यानं बोटवाल्यांचंच फावंल."

त्याचं चूक नव्हतं. पण त्या कासवानंतर मी माझ्या पंख्याभोवती तशी जाळी बसवून घेतली आहे. होडी थोडी मंदावते, प्लास्टिक अडकतं, पोरं हसतात. गावात दुसऱ्या कोणाच्या मशीनला ती नाही.

बैठकीत मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. मागून कोणीतरी विचारलं, बोटवाल्यांकडे कधीपासून जेवायला जातोस?

"त्यांच्या पंख्याला जाळी मागतो, मंग आपल्या पंख्याला काय हाय?" मी म्हणालो. "कासवाला काय कलतंय, कोनाची बोट ती?"

अर्जातून माझी साक्ष काढली. पुढच्या बैठकीला येऊ नकोस, असा निरोप पुतण्याच्याच हातून आला.

मी जाणार आहे. खुर्ची दिली नाही तर उभा राहीन, पण जाळी आधी आपल्या होड्यांना, मग त्यांच्या बोटींना, हेच बोलेन.