उपाशी पेशींची लॅब

आमच्या लॅबमध्ये रिझल्ट यायला सहा-सहा महिने लागतात, किस्से मात्र रोज दुपारच्या चहापर्यंत तयार! मी डोंबिवलीचा, अकरा वर्षं इथे टेक्निशियन आहे. ठाण्यातल्या एका हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर तीन खोल्या आणि विषय एकच, स्वादुपिंडाचा कॅन्सर. घरी बायको विचारते, "आज काय झालं?" कामाचं सांगण्यासारखं क्वचितच असतं. माणसांचं सांगायला बसलो की भाजी गार होते.

*

सावंतकाका आमचे अटेंडंट, राहायला दिव्याला. एकदा काचेची भांडी धुता धुता त्यांनी मॅडमना सरळच विचारलं, "मॅडम, एवढी वर्षं धुतोय, पण तुम्ही नक्की शोधताय काय?"

मॅडम म्हणजे आमच्या लॅबच्या प्रमुख. हातातलं काम टाकून त्यांनी स्टूल ओढलं. "काका, शरीरात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. त्या गाठीपर्यंत पोचतात, पण तिथली साखर गाठीने आधीच ओढून घेतलेली असते. वर ती ॲसिड सोडते. मग या बिचाऱ्या उपाशी, मरगळलेल्या. असून नसल्यासारख्या!"

"म्हणजे आमची बिल्डिंग!" काका म्हणाले. "खालचे मोटर लावून सगळं पाणी ओढतात, आम्ही चौथ्या मजल्यावर बादली धरून बसलोय!"

मॅडमनी पुढच्या कॉन्फरन्सची पहिली स्लाइड तीच केली. एक मोटर, एक कोरडा नळ, एक बादली. परत आल्यावर आनंदाने म्हणाल्या, "काका, तुमच्या बिल्डिंगला टाळ्या पडल्या!"

काका म्हणाले, "पडू देत. पाणी आलं का?"

*

प्राजक्ता कल्याणची, तेव्हा नुकतीच लागलेली. आम्ही पेशी ज्या गुलाबी द्रवात वाढवतो, तो ॲसिडने पिवळा पडतो. हे तिला पुस्तकातून माहीत होतं. पण सकाळी येऊन बघते तर स्वतःची डिश पिवळीधमक! वाटलं, आपण काम बिघडवलं. बसली रडत.

मॅडम आल्या, डिश उजेडात धरली. "अगं, रडतेस काय? कॅन्सरच्या पेशींनी ॲसिड सोडलंय. हेच तर बघायचं होतं!"

पोरगी इतकी खूश झाली की पॅसेजमध्ये जाऊन लगेच घरी फोन. "आई, पिवळं झालं गं! एकदम पिवळं!"

पलीकडून आईचा आवाज आम्हाला आतपर्यंत ऐकू आला. "कावीळ? तरी सांगत होते, बाहेरचं खाऊ नकोस!"

दुसऱ्या दिवशी माउली उसाचा रस घेऊन हजर. आम्ही सगळ्यांनी प्यायला.

*

तुलनेसाठी निरोगी माणसाचं रक्तही लागतं. रीतसर परवानगी काढून आम्हीच देतो. नीलेश आमचा पीएचडीवाला, चार वर्षं रोज रक्ताच्या नळ्या हाताळणारा. स्वतःच्या दंडाला सुई लागली आणि हा धाडकन आडवा! काका फायलीने वारा घालतायत, प्राजक्ता पाणी मारतेय.

आठवड्याने रिझल्ट आला. ॲसिडमध्ये सगळ्यांच्या लढणाऱ्या पेशी ढेपाळलेल्या, सगळ्यात जास्त टिकल्या त्या नीलेशच्या.

काका म्हणाले, "मालक आडवा, पेशी उभ्या!"

*

ऑपरेशनच्या आधी पेशंटची संमती घ्यायला मी जातो. गाठीचा तुकडा अभ्यासाला द्याल का, हे विचारणं सोपं नसतं. एकदा कल्याणच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. फॉर्म हातात घेतला, पर्समधून लाल पेन काढलं आणि ओळीने चुकांवर खुणा करत सुटल्या.

शेवटी चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "याने मला गुण येईल?"

मी म्हणालो, "नाही बाई. तुम्हाला नाही. पुढच्या कोणाला तरी, कदाचित."

बाईंनी सही केली. "खरं बोललास, म्हणून करते. पण 'शस्त्रक्रिया' नीट लिहायला शिक!"

बाई आता नाहीत. नवा फॉर्म त्यांनी सुधारला तसाच छापला. असे फॉर्म तपासणाऱ्या हॉस्पिटलच्या समितीनेही तो मुकाट्याने मंजूर केला.

*

आणि खाडीकडच्या गावातल्या त्या मावशी. पूर्वी मिठागरावर काम केलेल्या. नवऱ्याच्या गाठीचा तुकडा आमच्याकडे आलेला. पुढे नवरा गेला. शेवटचे दोन महिने त्याला अन्न जात नव्हतं. मावशी रोज डबा आणायच्या आणि भरलेलाच परत न्यायच्या. लिफ्टपाशी दिसल्या की मी जिना धरायचो.

चार महिन्यांनी त्या लॅबच्या दारात उभ्या. "आमच्या मानसाचा कायतरी हितं हाय म्हनं. बघाया मिलंल?"

मॅडम त्यांना हात धरून आत घेऊन आल्या. मायक्रोस्कोपसमोर बसवलं. मी फोकस लावला.

"या त्यांच्या लढणाऱ्या पेशी," मॅडम म्हणाल्या. "गाठीत होत्या, पण उपाशी. आम्ही काढून वेगळ्या ठेवल्या, साखर दिली. आता बघा, हलतायत."

मावशी एक डोळा मिटून कितीतरी वेळ बघत होत्या. सावंतकाकांनी नळ बंद केला.

मग डोळा न काढताच त्यांनी विचारलं, "जेवतान ना?"

मॅडम म्हणाल्या, "हो मावशी. पोटभर."

"मंग बरा," मावशी म्हणाल्या. आणि पुन्हा बघायला लागल्या.