नवं स्टेशन, जुनं स्टेशन आणि माझा उजवा कान

आमची ही तीस वर्षं एकाच दुकानात बसून लोकांची श्रवणयंत्रं दुरुस्त करते. घरी तिचं ऐकणारा मी एकटा, तोही यंत्रांच्या भरवशावर.

मागच्या वर्षी मालकाने नवं सोल्डरिंग स्टेशन, म्हणजे तापल्या टोकाने धातूचे टाके घालायचं यंत्र, आणलं, चुटकीसरशी तापणारं. ही हरखली. त्याच दिवशी माझं डावं यंत्र उघडलं, बॅटरीच्या जाड पट्टीला टाका घातला आणि तेच टोक तडक केसाएवढ्या तारेवर नेलं. जाड पट्टी उष्णता ओढून घेते, स्टेशन ती भरून काढायला जोर लावतं, आणि टोक सुटलं की क्षणभर ठरवल्यापेक्षा जास्तच तापतं. तारेखालची तांब्याची टिकली उचलली गेली आणि यंत्र कामातून गेलं. "लोकांच्या बायका कान उपटतात, माझ्या बायकोने भाजला," असं मी चारचौघांत सांगायचो. तीही हसायची.

परवा उजवंही बंद पडलं. घालायचे टाके तेच, एक जाड आणि एक बारीक. नवीन यंत्रं तीन लावून पाहिली, पण माझ्या उरल्यासुरल्या ऐकण्याला एकही पुरेना. हे गेलं असतं तर तिचा आवाज कायमचा गेला असता.

सुट्टीच्या दिवशी तिने दुकान उघडलं. आवाज नसला की खोली पाण्याखाली गेल्यासारखी वाटते. खिडकीतून ऊन सावकाश आत येत होतं, धुराची रेघ वर जाऊन विरत होती. मी स्टुलावर बसून तरंगत होतो म्हणा ना.

तासभर तिने माझ्या यंत्राला हातच लावला नाही. नवं आणि जुनं, दोन्ही स्टेशनं शेजारी ठेवली, तीनशेवीस अंशांवर लावली, टोकांना तापमान मोजायची बारीक तार बांधली. मग प्रत्येक टोक तांब्याच्या पट्टीवर दाबून उचलायची आणि आकडे वहीत लिहायची. नवं तीन सेकंदांत सावरायचं, पण तीनशेपन्नासला शिवून मागे यायचं. जुनं अकरा सेकंद घ्यायचं आणि तीनशेबावीसवर गप्प बसायचं. तिने दहा-दहा वेळा पाहिलं. मला डुलकी लागली, जागा झालो, तरी आकडे वरखाली चाललेच होते.

शेवटी तिने वही मिटली. जाड टाका नव्या स्टेशनने घातला, कारण जुनं रेंगाळलं असतं तर प्लास्टिक वितळलं असतं. मग ते टोक खाली ठेवलं, जुनं उचललं आणि बारीक टाका घातला.

तिने यंत्र माझ्या हातात दिलं आणि पाठ फिरवून आवराआवर करू लागली. माझ्या तोंडाकडे बघायची तिची छाती होत नव्हती. मी बॅटरीचं झाकण लावलं, यंत्र कानात घातलं. काहीच नाही. मग एक बारीक शीळ आली आणि तिच्यामागून तिचा आवाज. मला ऐकू येत नाही असं धरून ती भिंतीशी बोलत होती.

"नसेल जमलं, तर आज सांगू नका हो. उद्या सांगा."

"उद्या कशाला?" मी म्हणालो.

ती वळली, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा मी तिचं रडणं नीट ऐकलं.